पक्षी, पाकीट आणि सुनावणीची तारीख

नोटीस लागली ती नेमकी खळ्याच्या कुंपणावर, आणि तीही बांबूच्या मांडवावर बोंबील लटकवायच्या दिवशी. सत्यवतीने टोपली खाली ठेवली, चष्मा लावला आणि मोठ्याने वाचलं, 'सदर रिकाम्या जागेवर लाँचच्या प्रवाशांसाठी वाहनतळ करण्याचे योजिले आहे.'

"रिकाम्या?" ती कडाडली. "मंग हे बोंबील काय आभालातून लटकलेत?"

बंदरपाडा रेवसच्या जेट्टीपासून चालत दहा मिनिटांवर. तिथलं खळं म्हणजे समुद्राकडे उतरत गेलेला जमिनीचा तुकडा. वर मांडवावर बोंबील, खाली जवळा, कडेला सोललेल्या कोळंबीचे सोडे. चाळीस घरांची चूल या तुकड्यावर पेटते. सत्यवतीची जागा पश्चिमेच्या कोपऱ्यात, सासूने हात धरून दाखवलेली. वारा आधी तिथे लागतो, म्हणून तिचा बोंबील दोन दिवसांत कडकडीत होतो आणि भागुबाईच्या बोंबलाला तीन दिवस लागतात. भागुबाईने हे गेली बावीस वर्षं माफ केलेलं नाही. वर सत्यवती सुकी मासळी महिला संघाची अध्यक्ष आणि भागुबाई उपाध्यक्ष. आता बोला.

सत्यवती दुसऱ्याच दिवशी अलिबागला गेली आणि ज्या कार्यालयाची नोटीस होती तिथे संघाचा आक्षेप देऊन आली. परेश नावाच्या कारकुनाने अर्जावर शिक्का मारला आणि मान वर न करता सांगितलं, "सुनावणीची तारीख ईमेलवर कळवू. त्या दिवशी हजर राहिला नाहीत तर आक्षेप नाही असं धरलं जाईल. ईमेल बघता ना?"

"बगतो म्हंजे? रोज बगतो," सत्यवती म्हणाली. धडधडीत खोटं.

संघाला ईमेल होता, नाही असं नाही. दहा वर्षांपूर्वी शाळेतल्या गुरुजींनी तो काढून दिला होता. तेच वाचायचे, कोणाला किती सोडे हवेत ते बायकांना सांगायचे. गुरुजींची बदली झाली आणि ईमेलला जे कुलूप लागलं ते लागलं. मध्यंतरी कुठल्याशा योजनेतून संघाला एक कंप्युटर मिळाला होता. बायकांनी त्याला हळदकुंकू लावून सत्यवतीच्या ओटीवर बसवला आणि वर प्लास्टिक घातलं, झालं.

पण आता गंमत नव्हती. एक मेल चुकली तर खळं गेलं. आणि सत्यवती सकाळची लाँच पकडून मासळी विकायला भाऊच्या धक्क्याला जाणार, दुपारी परतणार, मग खळ्यावर. म्हणजे मेल आल्याची खबर फोनवर लागायला हवी आणि कंप्युटरवर ती नीट वाचून छापून घेता यायला हवी. तिने उलव्याला राहणाऱ्या भाच्याला, निकेतला, फोन लावला. निकेत नवी मुंबईत एका कंपनीत कामाला.

"आत्या, टेन्शन नको घेऊ," तो म्हणाला. "एक मस्त ईमेल क्लायंट टाकू. डेस्कटॉपवर पण, मोबाइलवर पण. सब सेट करून देतो."

रविवारी निकेत आला तेव्हा देवळाच्या मंडपात अख्खा संघ जमलेला होता. त्याला वाटलं होतं आत्या चहा देईल, तो दहा मिनिटांत काम उरकेल. पण बंदरपाड्यात साधी होडी रंगवायची तरी सगळ्यांना विचारून रंग ठरतो. इथे तर चाळीस जणींच्या खळ्याचा प्रश्न. त्याने लॅपटॉप उघडला आणि तीन प्रोग्राम दाखवले. त्यांची इंग्रजी नावं कोणाच्या जिभेवर टिकेनात, म्हणून बायकांनी चिन्हं धरली. एकाचं पाकीट, दुसऱ्याचं चक्र, तिसऱ्याचा पक्षी.

"हा पाकीटवाला एकदम स्मार्ट," निकेत सांगू लागला. "मेल आली की स्वतःच ठरवतो, कामाची कोणती, बिनकामाची कोणती. बिनकामाची बाजूला टाकतो."

"सवताच निवडतो?" सत्यवतीने डोळे बारीक केले. "याला रावस कनचा नि दाढा कनचा, कलतं?"

"आत्या, मासे नाय गं. मेल."

"तेच. जो निवडतो तोच चांगला माल बाजूला काढतो. माज्या टोपलीला परक्याचा हात न्हाय लागायचा."

चक्रवाल्याला दर महिन्याला पैसे भरायचे होते. भागुबाई म्हणाली, "लिवणारा दुसरा, वाचणार आमी, मंग मधल्याला पैसं कनाला?" तो तिथेच बाद झाला.

राहिला पक्षी. साधा, फुकटचा, येईल ते येईल तसं समोर मांडणारा. निकेतने त्याची अक्षरं मोठी करून दाखवली, मराठी नीट दिसते ते दाखवलं. मग काळा पडदा करून दाखवला तेव्हा आवडाबाई म्हणाली, "दिवाबत्ती असून काळोख कनाला?" त्याने तो मुकाट्याने परत पांढरा केला.

"आवाज?" सत्यवतीने विचारलं. "लाँचच्या इंजिनात माज्या कानाला काय ऐकू येयाचं न्हाय."

तेव्हा सगळी सभा उठून किनाऱ्यावर गेली. सत्यवतीचा नवरा चंदर, जन्माचा तांडेल, दुपारी जरा आडवा झाला होता. त्याला उठवून होडीचं इंजिन चालू करायला लावलं. निकेतने गुरुजींना फोन करून ईमेलचा पासवर्ड घेतला आणि आत्याच्या फोनवर पक्षी तात्पुरता टाकला. सत्यवती फोन घेऊन इंजिनाशेजारी बसली आणि निकेत किनाऱ्यावरून एकामागून एक मेल पाठवू लागला. घंटी ऐकू आली नाही. बासरी तर चाळीस जणींत एकीलाही ऐकू आली नाही. सतार झाली, शिट्टी झाली. चंदर म्हणाला, "आटपा गो, डिझेल जलतंय." अखेर निकेतने कोंबडा लावला. कोंबडा आरवला आणि सत्यवती होडीत उभी राहून ओरडली, "ह्यो! ह्योच!"

मतदान झालं. पक्ष्याला एकतीस हात, पाकिटाला नऊ. ते नऊ हात भागुबाईच्या आळीचे होते. पाकिटात त्यांना काय आवडलं ते त्यांनाही सांगता आलं नसतं. पक्षी सत्यवतीला आवडला होता, एवढं कारण पुरे होतं.

निकेतने फोनवरचा पक्षी तसाच ठेवला, कंप्युटरवरही टाकला, आणि घड्याळ बघत म्हणाला, "आत्या, लास्ट प्रश्न. कंप्युटरने मेल उतरवून घेतली की सर्व्हरवर प्रत ठेवायची का पुसायची?"

"सर्वर म्हंजे?"

आता इथे निकेत फसला. त्याला वाटलं, आत्याच्या भाषेत सांगावं. "समज, होडी. मेल पहिली होडीत येते. कंप्युटर ती होडीतून उतरवून घरात नेतो. मोबाइल पण त्या होडीतच बघतो."

"मंग माल उतरवल्यावर होडीत ठेवायचा?"

"म्हणजे... ठेवलेला बरा."

"बरा?" ही भागुबाई. ती उठून उभीच राहिली. "होडीत माल ठेवतात का रं कदी?"

बावीस वर्षांत पहिल्यांदा अध्यक्ष आणि उपाध्यक्ष यांचं एकमत झालं, आणि ते नको तिथे झालं. बंदरपाड्याचा रिवाजच तसा. होडी किनाऱ्याला लागली की शेवटची मांदेली उतरून, फळ्या धुऊन होडी मोकळी केल्याशिवाय तांडेल घरचा रस्ता धरत नाही. ठेवलेल्या मालाला वास सुटतो, उंदीर येतात, आणि दर्या रुसतो तो वेगळाच.

सत्यवतीची सून कल्पिता बारावी शिकलेली, तिला काहीतरी खटकलं. "आई, पण होडी मोकळी झाली तर मोबाइलला काय दिसेल?"

"तू गप. माल आला का आला, उतरला का उतरला. शिल्लक ठेवायची न्हाय."

चाळीस हात वर झाले. निकेतला चारची लाँच गाठायची होती आणि चाळीस कोळणींशी वाद घालायची त्याची काय प्राज्ञा? त्याने 'पुसा'वर टिचकी मारली आणि पळाला. पक्ष्याने संध्याकाळपर्यंत दहा वर्षांच्या साडेसहा हजार मेल होडीतून उतरवून कंप्युटरात भरल्या. बायकांनी कंप्युटरला अबोलीचा गजरा घातला.

पुढचा आठवडा मोठा सुखाचा गेला. लाँचमध्ये कोंबडा आरवायचा, आजूबाजूचे प्रवासी टोपल्यांखाली कोंबडा शोधायचे, आणि सत्यवती रुबाबात फोन काढायची. मेल असायची झटपट कर्जाची, नाहीतर केस उगवायच्या तेलाची. ती चष्मा शोधेपर्यंत मेल गायब. तिला वाटलं, हा पक्ष्याचा गुणच. घरी येऊन कल्पिताला म्हणाली, "काय शाना पक्षी हाय! घाण आली का आपसूक साफ करतो."

कल्पिता भाकरी थापत राहिली. बोलायला गेली होती तेव्हा काय झालं ते तिला आठवत होतं.

पुढच्या सोमवारी बंदरपाड्याची वीज गेली. मंगळवारी सकाळी सत्यवती नेहमीप्रमाणे लाँचला बसली. लाँच खाडीबाहेर पडली आणि कोंबडा आरवला. या वेळी चष्मा आधीच नाकावर होता. वर लिहिलं होतं, 'आक्षेपावरील सुनावणीबाबत'. तिने बोट लावून वाचायला सुरुवात केली, 'आपणास कळविण्यात येते की, उपरोक्त विषयाची सुनावणी दिनांक' आणि पुढचं दिसायला तिने अंगठा वर सरकवला.

पडदा पांढरा. खाली बारीक अक्षरात, 'येथे एकही संदेश नाही.'

तिने अशी काही आरोळी ठोकली की माणूस पाण्यात पडलं समजून लाँचवाल्याने इंजिन बंद केलं.

झालं होतं ते असं. घरी नेमकी तेव्हाच वीज आली. 'लाइट आली का पयला कंप्युटर लाव' हा सासूचा हुकूम, म्हणून कल्पिताने तो लगेच लावला. पक्ष्याने होडीत डोकावून पाहिलं, एक मेल होती ती उतरवून घेतली, होडी धुऊन मोकळी केली. कल्पिता ती उघडणार इतक्यात देवळामागे मोठा आवाज झाला आणि गावाचा ट्रान्सफॉर्मर जळाला. वायरमन म्हणाला, नवीन यायला चार दिवस.

सत्यवतीने धक्क्यावरूनच निकेतला फोन लावला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि हळूच म्हणाला, "आत्या, तूच बोललीस ना, होडी मोकळी पाहिजे. आता ती फक्त कंप्युटरच्या पोटात आहे. दुसरीकडे कुठेच नाय."

"तुला माहीत व्हतं तर माज्या थोबारीत का न्हाय मारलीस?" सत्यवती म्हणाली, आणि तिने फोन ठेवला.

मग तिने अलिबागच्या कार्यालयात फोन केला. परेश म्हणाला, "तारीख ईमेलवर कळवली आहे."

"ती आली नि गेली हो."

"पुन्हा हवी तर ईमेलने अर्ज करा. सात दिवसांत उत्तर येईल."

"अवो, निस्ती तारीख तोंडानं सांगा ना!"

"तोंडी तारीख आम्ही देत नाही," परेश म्हणाला.

दुपारी ती खळ्यावर आली आणि आपल्या कोपऱ्यात खाली बसली. हात कामाला लागेनात. तिला भीती वाटत होती, खरीखुरी. साहेबाची नाही, मोटारवाल्यांची नाही. सासूने दिलेली जागा आपल्या हातून, आपल्याच तोंडच्या शहाणपणाने जाणार, याची. एकोणचाळीस जणींना उद्या काय सांगायचं ते तिला कळेना. भागुबाई दोनदा जवळ येऊन गेली. ती भांडली असती तर सत्यवतीला बरं वाटलं असतं, पण ती सत्यवतीचे बोंबील परतून निघून गेली.

कल्पिता चहा घेऊन आली. पदराशी चाळा करत म्हणाली, "आई, वीज इथं येत न्हाय, तर कंप्युटर विजेकडं नेला तर?"

सत्यवतीने सुनेकडे पाहिलं. या पोरीला आपण 'तू गप' म्हटलं होतं, ते तिला टोचलं. "माजं चुकलं गो त्या दिवशी," ती म्हणाली, आणि उठलीच. "नेयाचा तर मंग त्यांच्या ऑफिसातच नेऊ. तारीख उद्याची निघाली तरी पोचलेलो तर असू!"

बुधवारी सकाळी टेम्पो निघाला. कंप्युटरची पेटी जुन्या लुगड्यात गुंडाळून एका टोपलीत ठेवली, पडदा दुसऱ्या टोपलीत. पडद्याची टोपली भागुबाईने स्वतःच्या डोक्यावर घेतली आणि कोणाला हात लावू दिला नाही. "उपाध्यक्ष हाय मी," ती म्हणाली. टेम्पोत मावल्या तेवढ्या बायका चढल्या, बाकीच्या एसटीने आल्या.

कार्यालयाच्या दारात पहारेकऱ्याने हात आडवा केला. "मासळी आत न्यायची नाही."

"मासली न्हाय, कंप्युटर हाय."

त्याने लुगडं उचलून पाहिलं. कंप्युटरच होता. "मग वास कसला?"

"तो आमचा," सत्यवती म्हणाली आणि आत शिरली.

परेश जागेवरून उठेपर्यंत तिने पाण्याच्या मशिनची पिन काढून तिथे कंप्युटरची लावली होती. "अहो, असं नाही करता येत! ही सरकारी वीज आहे!" तो म्हणाला. तीसेक बायकांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तो खाली बसला.

कंप्युटर सुरू झाला. पडद्यावर अक्षरं आली, 'अपडेट होत आहे. कृपया बंद करू नका.' सतरा टक्के. बराच वेळ सतरा टक्केच. ठमाबाईने हात जोडले. एकोणीस टक्क्यांवर भागुबाईने कंप्युटरला एक अस्सल शिवी हासडली आणि कोण जाणे काय झालं, तो भराभर पुढे सरकला. कल्पिताने पक्षी उघडला, मेल उघडली, आणि मोठ्याने वाचलं.

"आज. सकाळी साडेअकरा. दालन क्रमांक दोन."

भिंतीवरच्या घड्याळात बाराला दहा कमी होते.

दालन क्रमांक दोनमध्ये नव्याने बदली होऊन आलेल्या अधिकारी मॅडम 'आक्षेपक गैरहजर' असं लिहायला बसल्या होत्या. वाहनतळाच्या बाजूने आलेला माणूस फाइल बांधत होता. दार उघडलं आणि सत्यवती ओरडली, "लिवू नका! लिवू नका! आमी आलोव!"

मॅडमनी उशिराचं कारण विचारलं. सत्यवतीने होडीपासून कोंबड्यापर्यंत सगळं सांगितलं. मॅडमनी पेन खाली ठेवून ते ऐकलं, मध्ये दोनदा रुमाल तोंडाला लावला. मग गंभीर झाल्या. "आजी, तुमचं मी ऐकलं. पण आमच्या नोंदीत ती जागा रिकामी आहे. तिथे तुम्ही मासळी वाळवता याचा एखादा लेखी पुरावा आहे? सरकारी कागद?"

कागद नव्हता. सासूने हात धरून दाखवलेल्या जागेचा कसला आलाय कागद? सगळ्या बायका एकदम बोलू लागल्या.

तेवढ्यात बाहेरून कल्पिताची हाक आली. "मॅडम, जरा इकडे या!"

तिने पक्ष्याच्या शोधायच्या खिडकीत 'खळे' एवढा एकच शब्द टाकला होता. साडेसहा हजारांतून एक मेल वर आली होती, आठ वर्षांपूर्वीची, याच कार्यालयातून पाठवलेली. मॅडमनी ती मोठ्याने वाचली.

'अध्यक्ष यांस. रेवस जेट्टीनजीकच्या आपल्या खळ्यावर वाळविलेले सोडे उत्तम असल्याचे समजते. साहेबांच्या घरच्या कार्यासाठी तीन किलो राखून ठेवावेत. खळ्याची जागा या कार्यालयास माहीत आहे, गाडी तेथेच येईल. ता. क. एक किलो माझ्यासाठी वेगळे बांधावेत. आपला, परेश, लिपिक.'

सगळ्यांच्या माना परेशकडे वळल्या. त्याचा चेहरा पडला. "आमच्याकडे ही मेल नाही मॅडम," तो पुटपुटला. "मेलची जुनी पेटी भरली तेव्हा सगळं पुसलं होतं."

"आमच्याकडं हाय," भागुबाई म्हणाली.

मॅडमनी विचारलं, "सोडे मिळाले होते?"

"हो."

"कसे होते?"

परेश तसा सरळ माणूस. "फार छान होते, मॅडम," तो म्हणाला.

मॅडम आत गेल्या, बसल्या आणि लिहू लागल्या. लिहून झाल्यावर वाचून दाखवलं. "सदर जागा रिकामी नसून मासळी वाळविण्यासाठी पूर्वापार वापरात आहे. वाहनतळाचा प्रस्ताव परत पाठविण्यात येत आहे."

"परत एकदा वाचा," सत्यवती म्हणाली.

मॅडमनी परत वाचलं. सत्यवतीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं आणि तिने ते पुसलंही नाही. तिच्या सासूच्या, सासूच्याही सासूच्या जागेबद्दल कोणीतरी पहिल्यांदा कागदावर खरं लिहिलं होतं.

"आदेशाची प्रत दोन दिवसांत ईमेलने पाठवते," मॅडम म्हणाल्या.

"नको मॅडम," सत्यवतीने हात जोडले. "हातात द्या."

मॅडमनी तिथल्या तिथे प्रत छापायला लावली, सही केली. परेशने शिक्का मारला तो जरा जास्तच जोरात, शाई ओली राहिली. सत्यवती कागद दोन्ही हातांत धरून बाहेर आली, पायरीवर ऊन पडलं होतं तिथे तिने तो पसरला आणि चार कोपऱ्यांवर चार खडे ठेवले. भागुबाई कावळे हाकायला शेजारी उभी राहिली.